भरलेली टाकी

परतूरचे तातेराव गेली तीस वर्षं कूलर बांधतात. पत्रा कापणं, गवत भरणं, पंप बसवणं सगळं स्वतः, आणि गिऱ्हाइकाला पिडणंही स्वतःच. "कूलरची पाठ उघड्या खिडकीला, अन् समोरची खिडकी बी उघडी," हे दोनदा वदवून घेतल्याशिवाय कूलर दुकानातून हलू देत नाहीत. गवतातून गळणारं पाणी वाफ होऊन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढंच त्यांचं शास्त्र. त्याला कोरडी हवा लागते. कोंडलेल्या खोलीत हवा ओलीगच्च झाली की पाणी उडत नाही, आणि कूलर नुसता घरघरत बसतो.

साऱ्या गावाला सांगितलं, घरातच सांगायचं राहिलं.

लेक अर्पिता बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी होऊन नऊ दिवस झाले होते. बारशापर्यंत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, ही घरची रीत. म्हणून तातेरावांनी नवा कूलर सकाळी दारातच बायकोच्या, दुर्गाबाईंच्या हवाली केला आणि ते दुकानावर गेले.

मे महिन्याचं ऊन. दुपारी जेवायला आल्यावर त्यांनी कूलरसाठी बादली भरून दाराशी ठेवली. दुर्गाबाईंनी ती तशीच परत दिली.

"टाकी भरलेलीच हाय. सकाळपून पानीच लागलं न्हाई. लई गुणाचा कूलर केलाय तुम्ही."

या दिवसांत तातेरावांचा कूलर दुपारपर्यंत अर्धी टाकी पितो.

"खिडक्या?"

"लावल्यात. बाळंतिणीला वारं लागलं मंग? कूलरचं तोंड बी भिंतीकडं केलंय."

"अन् लेकरू?"

"निजलंय शान्यावानी. दोनदा पाजायला घेतलं, तोंडच उघडंना."

रीत आठवली, तरी तातेरावांनी उंबरा ओलांडला. आत न्हाणीघरासारखी वाफ कोंडली होती. अर्पिता घामाने निथळत गुंगीत पडली होती. दुपट्यात घट्ट बांधलेली नात लालबुंद झाली होती आणि हलत नव्हती. आपल्याच हातच्या कूलरने लेकरू गेलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घुमत होतं.

दवाखान्यात न्यायला त्यांनी रिक्षावाल्याला फोन केला. दुपटं सोडलं, दोन्ही खिडक्या उघडल्या, कूलरची पाठ खिडकीला लावली. बाहेरून झळ आत आली तशी दुर्गाबाई घाबरल्या.

"अहो, भाजंल की लेकरू!"

"कोरडी हाय. हीच पायजे."

हवा गवतातून येऊ लागली आणि हळूहळू गार झाली. अर्पिताने डोळे उघडले. तातेराव एकदा टाकीकडे बघत, एकदा नातीकडे. पाणी बोटभर उतरलं, तरी पोर गप्पच होती. मग तिने ओठ हलवले, कुरकुरली, आणि एकदम टाहो फोडला.

तातेराव तिथेच खाली बसून रडले.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. नातीला उचलायला दुर्गाबाई वाकल्या, पण त्यांच्याच हातांना कापरं सुटलं होतं. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"तुम्हीच घ्या तिला," त्या म्हणाल्या. "बारशाची रीत ऱ्हाऊ द्या."