वॉशरच्या कारखान्याचं बारसं

मंडळी, आज मोरिवलीत चक्क एका कारखान्याचं बारसं जेवून आलो.

माझा मित्र दिलीप रबराचे वॉशर बनवतो. उल्हासनगरचे व्यापारी दुकानातल्या कॉम्प्युटरवरून त्याच्या ठरावीक आयपी नंबरावर, म्हणजे इंटरनेटवरच्या आकडी पत्त्यावर, ऑर्डरी पाठवतात. दिलीप इंटरनेट कंपनी बदलायला निघाला, तर जुनी कंपनी म्हणाली, "नंबर आमचा आहे, तो इथेच राहणार." म्हणजे सगळ्या ऑर्डरी बंद!

"तू संस्कृतवाला ना? मंत्र सांग काहीतरी," दिलीप मला म्हणाला.

"मंत्र नाही, संस्कार सांगतो. नामकरण कर. इंटरनेटवर स्वतःचं नाव घे आणि व्यापाऱ्यांना नंबराऐवजी तेच घालायला सांग. मग मागे कंपनी बदलो, नंबर बदलो, नाव तुझंच."

मी चार भारदस्त संस्कृत नावं सुचवली. वॉशरला एकही शोभत नाही, असं दिलीपचं मत पडलं. त्याने टाइप केलं, 'कुसुम'.

ऑर्डरी बघणारी त्याची बायको, सुनंदावहिनी, एकदम थांबल्या. ते त्यांचं माहेरचं नाव.

"लग्नात तांदळावर दुसरं नाव लिहिलं मी," दिलीप पुटपुटला. "हे आता कुणी बदलणार नाही."

"मग अहो, हाकही त्याच नावाने मारा की!" वहिनी म्हणाल्या.

तुमच्या घरात कुणाचं माहेरचं नाव अजून हाकेत आहे?