इथपर्यंत चूक

आईला माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात प्रवेश मिळाला, तेव्हा मी बरेच दिवस तिच्याशी धड बोलत नव्हते. वर्गाने तर पहिल्याच आठवड्यात तिला 'आई' करून टाकलं. जो तो "आई, रोलर देता का?" म्हणायला लागला आणि माझी हक्काची हाकसुद्धा सार्वजनिक झाली. बाबांचं पडद्यांचं दुकान. तिथे गिऱ्हाइकांसमोर कापडं उलगडण्यात आयुष्य काढलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर म्हणे चित्रकला आणि ग्राफिक डिझाइन शिकणार! बाबांनी आकांडतांडव केलं नाही हेच नवल. ते एवढंच म्हणाले, "माझा गुडघा एक वर्ष कळ काढेल. पुढच्या वर्षाची जागा मिळाली तर माणूस ठेवू. नाही मिळाली, तर तू काउंटरवर परत."

ती जागा ठरणार होती ठशांच्या, म्हणजे कोरून छापलेल्या चित्रांच्या, परीक्षेवर. विषय होता स्वतःचं चित्र, पण चेहरा न दाखवता. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, एकाच तुकड्यावर कोरायचं आणि सगळ्या कागदांवर फिकट रंग छापायचा. मग तोच तुकडा आणखी कोरून गडद रंग, पुन्हा कोरून शेवटचा काळा. जिथे कोराल तिथे कागदावरचा आधीचा रंग दिसत राहतो, जे ठेवाल ते पुढच्या रंगाखाली झाकलं जातं. एकदा कोरलं की कोरलं. संगणकावर पोस्टर करताना आईचा निम्मा वेळ मागे फिरण्यातच जायचा, ते बटण तिने झिजवून टाकलं होतं. लिनोला तसलं बटण नसतं.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. ठसे पास झाले की परीक्षकांसमोर लिनोवर आडवी रेघ मारून तो रद्द करायचा, म्हणजे त्यातून पुन्हा कुणी छापू नये. पास झाले नाहीत, तर लिनो काखेत मारून मुकाट घरी जायचं.

आईने दुकान काढलं होतं. छतापासून लोंबणारे पडदे आणि मधोमध पाठमोरी ती. पिवळा रंग छान बसला, विटकरी त्याहून छान. आता काळा तेवढा उरला होता. पडदे कोरून विटकरीच ठेवायचे आणि ती स्वतः काळी होणार, असा बेत होता.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी शेजारच्या टेबलावर माझे ठसे नीट लावत होते. सहज तिच्या टेबलाकडे मान वळवली. आईने मानेपासून कमरेपर्यंत स्वतःलाच कोरून काढलं होतं.

"आई! काय करतेयस? ती ठेवायची होती ना?"

"अगं, खडू लावलाय ते कोरायचं..." बोलता बोलता ती थांबली.

आधीच्या रंगांना खडू म्हणजे 'कोर' होतं. या वेळी कोरायचं फार होतं, म्हणून तिने उलटं केलं, ठेवायच्या भागाला खडू लावला. हात मात्र जुन्या सवयीने चालत राहिला.

"संपलं," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मला रडूही येत होतं आणि रागही, पण कुणावर ते कळत नव्हतं. पुन्हा पिवळ्यापासून सुरू करायला वेळ नव्हता. ती लिनोकडे नुसती बघत बसली. मग कोरणी उचलून तिने उरलेली आकृतीही कोरून टाकली. पडदे मात्र कोरलेच नाहीत. घड्यांच्या बारीक रेघा तेवढ्या ओढल्या, श्वास रोखून. कोरणी जरा घसरली असती तरी सगळं मुसळ केरात. मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं.

दुपारी आमच्या सरांबरोबर बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. आईच्या ठशांपाशी त्या थबकल्या.

"सगळीकडे काळे पडदे आणि ही एकटी विटकरी बाई. धाडसी निर्णय आहे. कसा सुचला?"

मी बाईंच्या पाठीमागून जोरजोराने मान हलवत होते. म्हण ना, विचार करून केलं म्हण! एवढंच तर म्हणायचं होतं.

"निर्णय नाही, मॅडम," आई म्हणाली. "चुकून कोरली गेली."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. सरांनी कपाळाला हात लावला. बाईंनी चष्मा काढला.

"मग चुकीला गुण द्यायचे का मी?"

आईने ठशातल्या पाठमोऱ्या आकृतीवर बोट ठेवलं. "इथपर्यंत चूक." बोट खांद्यावरून पडद्यावर सरकलं. "इथून पुढे मी. पडदे उजळ ठेवायचे होते. पण तसे ठेवले असते तर ती त्यांच्यातच विरून गेली असती. म्हणून ते काळे केले. यातली एकही घडी चुकून आलेली नाही."

बाईंनी एकेक ठसा खिडकीशी नेला, दुसऱ्याशी ताडून पाहिला. शेवटचा तर दोनदा. मला वाटलं, आता म्हणणार, घ्या तुमचा लिनो.

त्यांनी लिनो उचलला आणि आईसमोर ठेवला.

"कोरणी आहे ना जवळ? मारा रेघ."

मी किंचाळलेच. वर्गाने टाळ्या पिटल्या. आईने कोरणी लिनोवर टेकवली आणि तिथेच थांबली. माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, "अगं, हे नक्की कोरायचंच ना?"

"कोर, आई," मी म्हणाले.