अर्धा माइक

कल्पना करा, स्टुडिओत तुमच्यासमोर चार माइक ओळीने उभे आहेत. गायिका एकच, कडवंही एकच. ती ते प्रत्येक माइकवर गाणार. तुम्ही काचेअलीकडे पाठ फिरवून बसायचं आणि माइकचं नाव, किंमत विसरून नुसतं ऐकायचं. त्याआधी चारही माइकच्या आवाजाची पातळी सारखी करून घ्यायची, कारण जरा मोठा वाजणारा माइक कानाला नेहमी चांगलाच वाटतो.

व्हर्लीनमावशीसाठी मी हे सगळं केलं. अमेरिकेत पूर्व केंटकीतल्या आमच्या गावात ती शाळेच्या खानावळीत रांधते आणि वाढते; इथे शिकलेल्या प्रत्येकाने तिच्या हातचं बीन्सचं कालवण आणि मक्याचा पाव खाल्लाय. रविवारी चर्चमध्ये ती आणि तिचा थोरला भाऊ ऑर्बिन गायचे. तो मुख्य चाल धरायचा, ती वरचा सूर. कोळशाच्या खाणीतल्या धुळीने ऑर्बिनची फुप्फुसं गेली होती. तरी वसंतात त्याने आमच्या स्टुडिओत काही गाणी एकट्याने गायली. मावशी आली नव्हती. "डॉक्टर नको म्हणतात आणि हा गातोय. मरायला मी साथ देणार नाही," असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं. ऑगस्टमध्ये तो गेला.

आता ती त्याच्या एका गाण्यावर आपला सूर भरायला आली होती. "जुळलं तर चर्चला दे. नाही जुळलं तर त्याचंही पुसून टाक," ती म्हणाली. वाढणीला बटाटे देऊ की मटार, असं विचारावं तशा आवाजात.

"कुठला बरा वाटला, मावशी?"

"सगळे सारखेच."

"तिसऱ्यात तुमचा आवाज उबदार येतोय."

"मग तिसरा."

ऑर्बिन चौथ्यावर गायला होता. पण त्या माइकसमोर मावशी उभी राहिली की शब्दातला प्रत्येक 'स' सुईसारखा टोचायचा, म्हणून मी तो आधीच बाद केला होता. तिसऱ्यावर तिने पूर्ण गाणं गायलं. सूर अचूक होते. पण भावाच्या आवाजाशेजारी तो आवाज परका वाटत होता, जणू दोघं वेगवेगळ्या घरांतून गात होते. त्याचा आवाज मंद आणि लांबचा, हिचा कानाशी. मी त्याचा आवाज उजळून पाहिला, तिचा दाबून पाहिला. काही उपयोग झाला नाही.

"नाही ना जुळत?" मावशीने काचेपलीकडून विचारलं. "पुसून टाक. मला भांडी पडलीत."

तेवढ्यात स्टुडिओचा मालक लोवेल जेवणाच्या पिशव्या घेऊन आला. ऑर्बिनची गाणी त्यानेच रेकॉर्ड केली होती.

"काय इंजिनीअरबाई, तोंड का उतरलंय?"

"ऑर्बिनचा आवाज इतका मंद कसा? आजारामुळे?"

"आजार कसला. तो माइकच्या डावीकडे उभा होता. मी दोनदा मध्ये आणला. गाणं सुरू झालं की स्वारी पुन्हा कडेला."

माझ्या डोळ्यांपुढे चर्च आलं. आमच्याकडे जोडीने गाणारे एकाच माइकवर गातात, खांद्याला खांदा लावून. ऑर्बिन डावीकडे, मावशी उजवीकडे. आणि हा माइक कडेने येणारा आवाज मंद करूनच घेतो. मी एकट्या बाईसाठी चांगला माइक शोधत बसले होते.

मी चौथा माइक पुढे ओढला. "मावशी, याच्या उजवीकडे उभ्या राहा. मध्ये नको."

ती राहिली. डावा खांदा जरा आत घेऊन, कोणाला लागू नये तसा. तिचा 'स' मऊ झाला. दुसऱ्या ओळीपासून दोघं एका खोलीत होते. लोवेलने हातातला पाव तसाच धरला होता.

गाणं संपलं. आम्ही तिला ते ऐकवलं. ती रडली नाही. तिने हेडफोन काढून नीट खुंटीला अडकवले.

"जुळलं?"

"जुळलं, मावशी."

"मग चर्चला दे." ती तिथेच उभी राहिली, माइकच्या रिकाम्या डाव्या बाजूकडे बघत. "लोवेल, मी येणार नाही हे त्याला माहीत होतं ना?"

"हो."

"मग जागा का सोडली? माझी वाट बघत होता, की नुसती सवय?"