मामांनी पारखलेली क्रूझर

लांबच्या प्रवासासाठी आरामशीर मोटरसायकल घ्यायची असेल, तर सोबत बैलांचा पारखी नेऊ नये. हे मी अनुभवाने सांगतो.

मी तेलगावच्या शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतोय. खाडी, पुळण, भरती-ओहोटी सगळं फळ्यावर काढून दाखवतो. निळ्या खडूने लाटा काढण्यात तर माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. फक्त एक बारीकशी अडचण आहे. मी समुद्र पाहिलेला नाही! गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने सरळच विचारलं, "सर, तुमी सोता बगितलाय का समुद्र?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, बऱ्याचदा!" (नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'बऱ्याचदा' कुठून आलं, देव जाणे.) तेव्हापासून मनाला टोचणी लागली. निवृत्त व्हायच्या आत एकदा कोकणात जायचं, पाण्यात पाय बुडवायचे आणि त्या खोट्याचं खरं करून टाकायचं.

एसटीने जाता आलं असतं. पण मला जायचं होतं मोटरसायकलवर, आणि तेही बायकोला, म्हणजे मंगलला, मागे बसवून. आता आमची जुनी गाडी या कामाची नव्हती. तिच्यावर बसून आम्ही एकदा आष्टीला लग्नाला जाऊन आलो, तर पुढचे तीन दिवस मी फळ्याला टेकून शिकवलं आणि मंगल उभ्याउभ्या जेवली. म्हणून मी क्रूझर घ्यायचं ठरवलं. बसकी सीट, रुंद हँडल, पाय पुढे लांब सोडून आरामखुर्चीत बसल्यासारखं जायचं! तीन महिने मी मोबाईलवर गाड्यांची तुलना केली, वही भरली. घरी सरावही सुरू केला. खुर्चीत बसायचं, पाय स्टुलावर, दोन्ही हात पुढे, नजर लांब.

"पाय सुजलेत का?" मंगलने विचारलं.

"मी गोव्याच्या बाजूने वळतोय. मधे बोलू नकोस."

तिने पदराला हात पुसले आणि एकच अट घातली. "गाडी घ्या. पण आबांनी बगून पसंत केली तरच मी मागं बसंन. तुमी निवडलेली येक तरी वस्तू धड निगाली का आजपर्यंत?"

"तुला मी निवडलं होतं!"

"मला कुटं? तुमाला आबांनी निवडलं होतं."

हे मात्र खरं होतं. मंगलचे आबा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो. धर्मापुरीचे हे मामा जन्मभर बैलांच्या व्यापारात होते. बैलाची शेपूट बघून त्याच्या मागच्या मालकाचा स्वभाव सांगणारा माणूस! आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला विहिरीपर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं होतं. मला वाटलं, मळा दाखवताहेत. ते माझी चाल बघत होते, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं.

ठरल्या दिवशी मी रजा टाकली. मी आणि मंगल आमच्या जुन्या गाडीवर बीडला पोचलो. मामा परळीहून एसटीने आले. धोतर, लाल पटका आणि खांद्यावर नवंकोरं दावं.

"मामा, हे दावं कशाला?"

"इकणारा जनावर देतो, दावं देत न्हाई. दावं आपलं आपुन न्यावं लागतंय, गुर्जी." (मामा मला जावईबापू म्हणत नाहीत. शिकवणाऱ्या माणसाला व्यवहारातलं काही कळत नसतं, हे 'गुर्जी' या एका शब्दात ते बसवतात.)

शोरूमचा मॅनेजर सुनील हा माझा जुना विद्यार्थी निघाला. त्याने मोठ्या अदबीने काळी कुळकुळीत क्रूझर पुढे आणली. वहीतल्या सगळ्या रकान्यांत पहिली आलेली ती हीच! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा गाडीभोवती फिरू लागले. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या. मागच्या चाकावर त्यांनी फाडकन थाप मारली. पुढच्या दिव्यासमोर बोटं हलवून बघितली. मग कमरेत वाकून खालून नजर टाकली आणि गंभीर झाले.

"पोट लई खाली आलंय. गाभण हाय का?"

"आजोबा, ते इंजिन आहे," सुनील म्हणाला.

"असू द्या. खोडी सांगा."

"खोड? एकसुद्धा नाही. एकदम बेस्ट गाडी आहे."

"खोड न्हाई तर मग इकायला कावून काढली?"

सुनीलने माझ्याकडे बघितलं. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. पाच वर्षं मार्केटिंग शिकलेला तो पोरगा किमतीचा कागद काढायला गेला, तर मामांनी पटका सोडून त्याचं टोक सुनीलच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं पकडली. बैलबाजारात सौदा असाच होतो. भाव तोंडाने बोलत नाहीत, कपड्याखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. सुनीलला हे काय माहीत? भर शोरूममध्ये, एसीत, चार गिऱ्हाइकांसमोर तो मामांच्या हातात हात देऊन उभा राहिला.

"सर, आजोबांना चक्कर येतेय का?"

"नाही रे, ते भाव करताहेत."

"पण किंमत फिक्स असते सर... आई गं!"

मामांनी मधलं बोट दाबलं होतं. सुनील कळवळला, पण बिचारा संस्कारी मुलगा. म्हाताऱ्या माणसाच्या हातातून हात काढून घेतला नाही. मामांनी समाधानाने पटका परत डोक्याला गुंडाळला.

"आता झुपून बगू."

सुनील म्हणाला, टेस्ट राइड दोन किलोमीटरची असते. मामा म्हणाले, दोन किलोमीटरमधे तर बैलाची लाजसुदीक मोडत न्हाई. शेवटी गुरुदक्षिणा म्हणून सुनीलने टेस्ट राइडची ती गाडी संध्याकाळी सहापर्यंत दिली. तेलगावपर्यंत जायचं आणि यायचं. मी हेल्मेट चढवलं, मंगल मागे बसली. मामांनी आमची जुनी गाडी शोरूमच्या पायरीला लावून घेतली (त्यांचे गुडघे नीट वाकत नाहीत, त्यामुळे गाडीवर चढायला त्यांना पायरी लागते), दावं खांद्यावर टाकलं आणि 'चाल' बघायला आमच्या मागून निघाले.

काय सांगू! वडवणीपर्यंत मी जमिनीवर नव्हतोच. पाय पुढे, वारा तोंडावर, दोन्ही बाजूंना उसाचे फड. मला तर लाटाच दिसायला लागल्या.

"कसं वाटतंय गं?"

"मागं पाठ टेकायला केलंय न्हवं, ते माज्या बरगडीत घुसतंय!"

मंगल साडीत एका बाजूने बसली होती. पाठ टेकायची ती जागा बनवली होती दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्यांसाठी. एका बाजूने बसणाऱ्या बाईला गाडी बनवणाऱ्याने हिशेबातच धरलं नव्हतं. (माझ्या वहीतही तो रकाना नव्हता.) सीट पोळपाटाएवढी, पाय ठेवायला धड जागा नाही.

"कोकण किती लांब हाय म्हनलात?"

"हे काय, एवढ्याच्या सहा-सात पट."

मागून एवढा मोठा उसासा आला की गाडीचा वेग वाढला. त्यात जुनी गाडी बरोबरीला आणून मामा ओरडले, "गुर्जी, डावीकडं वडतंय!"

"मामा, मी वळतोय!"

अशा थाटात आम्ही तेलगावात शिरलो. मधली सुट्टी होती. माझ्या शाळेच्या फाटकात पाच-सहाशे पोरं उभी होती. म्हटलं, बघू देत! मी ऐटीत गाडी शाळेसमोरच्या गतिरोधकावर घातली. पुढचं चाक चढून पलीकडे गेलं. खालून 'खर्रर्र' असा आवाज आला आणि गाडी थांबली. मी वेग दिला. इंजिन गरजलं, मागचं चाक जागच्या जागी फिरलं, आणि आम्ही दोघं रस्त्याच्या मधोमध, पोटावर टेकून, हलकेच डोलायला लागलो.

तो गतिरोधक माझा होता. म्हणजे दोन वर्षं अर्ज करून मीच तो मंजूर करून घेतला होता. सिमेंट ओतताना छत्री घेऊन मीच उभा होतो, आणि गवंडी "बास झालं सर" म्हणत असताना "अजून चार घमेली टाका, पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे!" असं मीच ओरडलो होतो.

मंगल उतरली. तिला सोपं होतं, ती एका बाजूनेच बसली होती. मी उतरलो असतो तर गाडी आडवी झाली असती, म्हणून मी तसाच बसून राहिलो, पाय लांब, हात पुढे, नजर लांब. तोवर मागे उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह येऊन थांबला. त्याच्या मागे दुसरा. त्याच्या मागे एसटी. भोंगे वाजू लागले. पोरं आनंदाने वेडी झाली. "सर, ढकलू का? सर, नवी हाय का?" विज्ञानाचे कुलकर्णी सर (यांना मी कधी माफ करणार नाही) आठवीचा अख्खा वर्ग घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे छडी दाखवून गुरुत्वमध्य शिकवू लागले.

"अन् माझ्या त्या समुद्राचं काय रे देवा," असं मी मनात म्हणतोय, एवढ्यात मामांनी खांद्यावरचं दावं काढलं. एसटीच्या मागे उसाची बैलगाडी होती. मामांनी गाडीवानाकडून बैल सोडवून आणले. आणल्यावर लगेच जुंपावेत की नाही? नाही! आधी दोघांचे दात बघितले, वशिंडावर हात फिरवला, "कुटून घेतले?" म्हणून चौकशी केली. भोंगे वाजताहेत, मी डोलतोय, आणि मामा गाडीवानाशी बैलांच्या आईबापांबद्दल बोलताहेत! मग सावकाश दावं क्रूझरला बांधून त्यांनी हाळी दिली. बैलांनी एक हिसका दिला आणि मी क्रूझरसकट गतिरोधकावरून उतरलो. टाळ्यांचा असा कडकडाट माझ्या वाट्याला शिक्षकदिनीसुद्धा आलेला नाही.

कडेला थांबल्यावर मी हेल्मेट काढलं. "नको ही गाडी. सुनीलला परत देऊन टाकू." माझा आवाज रडवेला झाला होता, कबूल करतो.

"जनावराची काय चूक न्हाई," मामा म्हणाले. "हाकनाऱ्याची हाय. सरका."

आणि त्यांनी गाडीवर टांग टाकली. पायरी नाही, ओटा नाही, कुणाच्या खांद्यावर हात नाही! सीट एवढी बसकी की न वाकणारा पाय सरळच्या सरळ पलीकडे गेला. मामा खाली टेकले. दोन्ही पाय पुढे सोडले. आणि त्यांच्या चेहऱ्यावर आरामखुर्चीत बसल्यासारखं समाधान पसरलं. दहा वर्षांत त्यांना इतकं सुखाने बसलेलं आम्ही पाहिलं नव्हतं.

"जरा पानी दाखवून आनतो," ते म्हणाले, आणि पुढच्या गतिरोधकाच्या कडेने अलगद गाडी काढून परळीच्या दिशेने गेले.

पाच मिनिटं झाली. अर्धा तास झाला. एक तास झाला. फोन लागेना. "माज्या आबाला कायी झालं तर बगा!" मंगल म्हणाली. जणू मीच त्यांना ढकलत नेलं होतं! तिकडे सुनीलचा फोन, "सर, गाडी निघाली का?" मी म्हणालो, "निघालीय." (कुठे, ते सांगितलं नाही.) पाचच्या सुमाराला सासूबाईंचाच फोन आला. मामा धर्मापुरीला पोचले होते. सासूबाईंनी दारात दोन्ही चाकांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, हेडलाइटला हळदीकुंकू लावलं.

मामांनी फोन हातात घेताच मी किंचाळलो, "मामा, ती टेस्ट राइडची आहे! सहाला परत द्यायचीय!"

"दावणीला आलेलं, ओवाळलेलं जनावर माघारी धाडत न्हाईत, गुर्जी," मामा शांतपणे म्हणाले. "अन् सौदा तर सकाळीच झालता. त्यानं बोट कुटं सोडवून घेतलं?"

दुसऱ्या दिवशी मामा स्वतः बीडला गेले आणि सुनीलला पूर्ण पैसे देऊन आले. सुनीलने टेस्ट राइडची गाडी म्हणून किंमत थोडी कमी केली, आणि ती बोट दाबलं तेवढीच निघाली, असं मामा अजून सांगतात. मग त्यांनी गावातल्या वेल्डरकडून मागची सीट रुंद करून घेतली, पाठ टेकायची जागा बाजूला फिरवून घेतली, खाली पाय ठेवायला फळी बसवली. सासूबाई आता पाटावर बसल्यासारख्या बसतात.

"दुसरी घेऊ का गं आपण?" मी मंगलला विचारलं.

"कशाला? आबांची हाय की. लागंल तवा मागून न्या." आणि वर हसून, "आबांनी निवडली म्हनून धड निगाली."

मी मागायला तीनदा धर्मापुरीला गेलो. तिन्ही वेळा दाराला कुलूप होतं. चौथ्या वेळी फोन केला, तर पलीकडून केवढा तरी घों-घों आवाज.

"मामा, कुठं आहात?"

"कोकनात! दोन मुक्काम करत आलो. तुमच्या सासूबाई पान्यातनं भाईर यीनात. अन् गुर्जी, म्या चाखून बगितलं, पानी खरंच खारट हाय. पोरान्ला बिनधास्त शिकवा!"

परवा नववीच्या नव्या वर्गात भरती-ओहोटी काढली. निळ्या लाटा फळ्यावर छान उठल्या होत्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, समुद्र खरंच खारट असतो का?"

मी खडू खाली ठेवला, छाती पुढे काढली आणि ठामपणे सांगितलं, "असतो. आमच्या सासऱ्यांनी चाखलाय."