पिवळ्या ओळीतला टकल्या

हे तुम्हाला सांगू की नको, असं दोनदा मनात आलं. पण कोठीच्या अख्ख्या बाजारानं बघितलंच आहे, तर तुम्ही तरी का मागे राहावं? चहा तेवढा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकीला ठसका लागला होता.

आमच्या अंबरपेठेतल्या बिल्डिंगीत समोरच्या दारात अमेय आणि श्वेता राहतात. पुण्याची जोडी, दोघंही कॉम्प्युटरवाले. मी काही कुणाच्या घरात नाक खुपसत नाही. पण दार समोरासमोर, आणि देवानं कान दिले ते झाकणाशिवाय, त्याला मी काय करू? शिवाय दिवसाआड वाटीभर आमटी पोचवायची असते. मग वाटी आणायला जावंच लागतं की.

एकदा असंच वाटी आणायला गेले तर श्वेता फोनवर मैत्रिणीला सांगत होती, "आमच्याकडे आमटीची बेसलाइन म्हणजे समोरच्या काकू."

शब्द नवा होता, पण अर्थ लागायला काय कॉलेज करावं लागतं? सगळ्यांच्या आमट्या माझ्या आमटीशी मोजतात, झालं. त्या दिवसापासून वाटी बंद आणि डबा सुरू. नारायणगुड्याच्या नणंदबाईंना मुद्दाम फोन करून सांगितलं. आमचे हे म्हणाले, "बेसलाइन म्हणजे काय ते विचारलंस का?" यांना माझं कौतुक कधी सोसलंच नाही.

तर आता फुटबॉल. अमेय आणि त्याचे ऑफिसचे दोस्त दरवर्षी एक खेळ खेळतात. बॉलला पाय न लावता. खुर्चीत बसून तिकडच्या खऱ्याखुऱ्या खेळाडूंतून आळीपाळीनं एकेक निवडायचा. एकानं घेतला की तो बाकीच्यांना नाही. मग ती माणसं तिकडं मैदानात जशी खेळतील, तसे इकडे यांना गुण. जो तळाला, त्याला शिक्षा. मागच्या वर्षी अमेय तळाला आला आणि महिनाभर अर्धी मिशी ठेवून ऑफिसला गेला. यंदा ठरलं होतं की कोंबडीचा पोशाख घालून कोठीच्या भर बाजारातून चालायचं. श्वेतानं बजावलं होतं, "पुन्हा तळाला आलास तर मी तुला ओळखत नाही."

बिचारा तयारीला लागला. रोज संध्याकाळी त्याचा दोस्त रवी यायचा आणि दोघांची डोकेफोड चालायची. कसली? तर बेसलाइन कुणाला धरायची.

माझे कान उभे. हा तर माझाच शब्द.

"ह्याला बेसलाइन धरला तर सगळे बचाववाले भारी वाटतात," अमेय म्हणायचा.

"अरे, थोडा नीचे वाला पकड," रवी म्हणायचा.

तीन संध्याकाळी हेच. शेवटी मला राहवेना. डबा घेऊन आत गेले. लॅपटॉपवर फोटो होते. एक जण चांगला टक्कल पडलेला, डोळे गरीब, आमच्या गावाकडच्या पोस्टमास्तरसारखा.

"ह्याला धर," मी म्हटलं. "चेहरा प्रामाणिक आहे."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. रवीनं काहीतरी आकडे लावले आणि म्हणाला, "आंटी सही बोल रे. येइच् पकड."

अमेयनं टकल्याची ओळ पिवळी केली. सांगू का, मला मुलाचं लग्न जमवल्यासारखं वाटलं.

आता तुम्हीच बघा, माझं काय चुकलं? आमच्या घराण्यात मोजमाप कायम वरच्याशीच झालेलं. नणंदबाईंचा मुलगा शाळेत पहिला आला, तर आमच्या पोरांना बारा महिने त्याच्याच नावानं बोलणी. सून आणायची तर थोरल्या जावेसारखी, भाकरी करायची तर सासूबाईंसारखी. ज्याच्याशी सगळ्यांना मोजायचं तो सगळ्यांत वरचा, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोर सांगेल.

निवडीचा रविवार उजाडला. सकाळीच मी डबा घेऊन हजर. श्वेता आंघोळीला गेलेली, अमेय लॅपटॉपसमोर घामाघूम. पहिल्या फेरीत त्याची पाळी जवळ आली आणि नेमका खाली पाण्याचा टँकर. वाटेत कुणाची गाडी? अमेयची. वॉचमन खालून ओरडतोय, टँकरवाला हॉर्नवरचा हात काढत नाही.

"काकू, दोन मिनिटं बसा. कशालाही हात लावू नका," म्हणत तो जिना उतरला.

मी बसले. हात मांडीवर. तेवढ्यात पडद्यावर त्याचं नाव चमकायला लागलं आणि शेजारी लाल आकडे भराभर उतरायला लागले. मी गॅलरीतून हाक मारली, "अमेय, तुझी पाळी आली रे." पण हॉर्नपुढं कोण ऐकतंय? आकडे संपत आले. डोळ्यांसमोर तो पोरगा कोंबडीच्या पोशाखात उभा राहिला. माझ्यानं बघवेना. बोट ठेवलं पिवळ्या ओळीवर आणि दाबलं.

अमेय धापा टाकत वर आला.

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "घेतला."

"कुणाला?"

"आपल्या टकल्याला. कुणी हात लावायच्या आत."

तो हळूच खुर्चीत बसला. फोनवर दोस्तांचे हसणारे चेहरे धडाधड येऊन पडत होते.

"काकू," तो म्हणाला, "तुमची भांडीवाली यादम्मा गावाला गेली की बदलीला बाई येते ना?"

"तिचं नाव काढू नकोस. कढई समोरून घासते, मागून नाही."

"पण कुणीच नसलं तरी ती मिळते?"

"ती कायम मोकळीच. तिला कोण बोलावतंय?"

"ती बेसलाइन. यादम्माची किंमत म्हणजे ती त्या बदलीपेक्षा किती बरी, तेवढीच. टकल्या आमची बदली होता, काकू. तो नुसता मोजायला होता. शेवटी फुकट पडून राहिला असता."

"म्हणजे यादम्मा दारात उभी असताना मी बदलीला घेतलं?"

"पहिल्या नंबरानं."

"आणि मी हात लावलाच नसता तर?"

"मशीननं आपोआप सगळ्यांत चांगला दिला असता."

मी डबा तिथंच ठेवून घरी आले.

टकल्या तसा प्रामाणिक निघाला. जेवढे गुण त्याच्याकडून धरले होते तेवढेच दिले, वर एक नाही. अमेय तळाला. पण चूक माझी, तर पिसं अमेयनं का घालावीत? मी सरळ सांगितलं, कोंबडी मी होणार. आमचे हे म्हणाले, "आवाज तर तयारच आहे."

ठरल्या दिवशी कोठीत उतरले. लाल तुरा, पिवळी चोच, चोचीच्या भोकातून दिसेल तेवढंच दिसायचं. बांगडीवाला हाक मारतोय, "क्या भाई, मुर्गी कित्ते कू दिये?" पोरं मागे लागलेली, अमेयचे दोस्त फोनवर शूटिंग करतायत. आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. मी दोनदा पंख फडफडवूनही दाखवले. श्वेता हसून हसून माझ्या शेपटीला धरून चालत होती.

तेवढ्यात रवी जवळ आला. "आंटी, मान गये आपको. आपकी दाल का भी बहोत सुना मैं. भाभी बोलते, घर में कुच बी नै रहे तो बी आपकी दाल रहतीच है. एकदम बेसलाइन."

शेपटीवरचा हात सुटला. श्वेता एकदम बांगड्यांचा भाव विचारायला लागली.

मी भर बाजारात उभी. डोळ्यांपुढं सगळ्या वाट्या, सगळे डबे, नणंदबाईंना केलेला तो फोन. आणि कढईची मागची बाजू.

अमेय धावत आला. "काकू, गरम होतंय का? चोच काढू?"

"राहू दे," मी म्हटलं. "घरापर्यंत राहू दे."