ऑर्व्हलचे खड्डे

ऑर्व्हल स्प्रेगने सव्वीस हिवाळे बर्फात खड्डे खणले. रोज सकाळी एक. दीड मीटर खोल, समोरची भिंत ओळंबा लावल्यासारखी सरळ. मी घाटात बर्फ लोटायची गाडी चालवायचो. फावडं मलाही कळतं, पण तशी भिंत मला कधी जमली नाही.

त्या भिंतीतून तो बर्फाचा एक खांब कापून मोकळा करी. वर फावड्याचं पातं ठेवी आणि त्यावर हात आपटी. दहा थापा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या थापेला खांब मोडतो त्यावरून हिमस्खलनाच्या धोक्याचा आकडा ठरवी, एक ते पाच, लवकर मोडला तर मोठा, आणि रस्त्याकडेच्या फलकावर लावी.

आमच्या सान हुआन डोंगरात बर्फ पातळ. तळाचा थर थंडीने साखरेसारखा सुटा होतो आणि वरचा त्यावर नुसता टेकलेला असतो. त्यामुळे आकडा बहुधा तीन. चार दिसला की लोक घरी बसतात. तीनला निघतात.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारीही तीनच होता. खड्डा बुजवून ऑर्व्हल माझ्या गाडीत चढला.

"कितव्या थापेला?"

"तेराव्या. आणि मोडला तो ड्रॉवर ओढल्यासारखा, एका झटक्यात."

"मग चार लाव की."

"लेस्टर, तू बर्फ लोट. आकडे माझ्याकडे राहू दे." त्याने माझ्या थर्मासातला घोट घेतला. "ही कॉफी आहे का इंजिनातलं तेल?"

"तेल असतं तर तुला दिलं असतं होय?"

त्याची मुलगी जोलीन त्या दिवशी डोंगरात होती. एकतीस वर्षांची, शाळेत शिकवायची. बरोबर ब्रँट नावाचा सुतार, तिचा होणारा नवरा. पहाटे ती बापाला सांगून गेली होती, "धारेवरूनच जाणार, बाबा. उतारावर पाय ठेवणार नाही."

तिसऱ्या वळणावर दरीपलीकडचा डोंगर समोर आला आणि मी गाडी थांबवली. वाऱ्याने धार पार खरवडून काढली होती, नुसते दगड. तिथून जायचं तर स्की खांद्यावर घेऊन तासभर चालायला हवं. ते चालले नव्हते. डावीकडे टकर म्हणतात त्या उतारावर उतरले होते. ब्रँट झाडांत थांबला होता आणि जोलीन एकटी उतार ओलांडत होती. एका वेळी एकच माणूस. तेवढं नियमाप्रमाणे.

ऑर्व्हलने दुर्बीण लावली.

"खडकांच्या कडेने चाललीय," तो म्हणाला. मग हळूच, "मीच शिकवलंय."

ती नऊ वर्षांची असताना त्याने शिकवलं होतं, मध्ये जाऊ नकोस, खडकांजवळ राहा. तो स्वतः हे शिकला होता समुद्राकडच्या डोंगरांत. तिथला बर्फ जाड आणि ओला. आमच्याकडे खडकांजवळच थर सर्वांत पातळ, पाय थेट साखरेवर पडतो.

वॉकीटॉकीवर त्याने तीनदा हाक मारली. उत्तर नाही. थंडीत बॅटरी उतरते म्हणून चढताना ती सगळेच बंद ठेवतात, माथ्यावर पोचल्यावर लावतात.

"हॉर्न मार," ऑर्व्हल म्हणाला. "मार, मार!"

मी मारला. लांब, तीनदा.

जोलीन थांबली. वळली. काठी उंच करून हलवली. डोंगरात कुणी दिसलं की मी रोज हॉर्न मारायचो, राम राम म्हणून. तिने राम राम घेतला.

आवाजाने उतार सुटत नाही, वजनाने सुटतो. ती थांबली होती तिथेच, खडकांच्या बाजूला, आधी एक रेघ उमटली. मग अख्खा उतार तुटून सरकला. आवाज आमच्यापर्यंत मागाहून आला.

सगळं निवळल्यावर ब्रँट एकटा दिसत होता. मी रेडिओवरून मदत मागवली. ब्रँटने गाडलेल्या माणसाचा इशारा पकडणारा बीकन काढला, खाली उतरला, आडवातिडवा फिरला आणि सळई खुपसली. नेमकी जागा त्याला चार मिनिटांत सापडली. तिथपर्यंत त्याचं काही चुकलं नाही. मग तो सळईपाशीच उभा राहून सरळ खाली खणू लागला.

"खालच्या अंगाने खण," ऑर्व्हल दुर्बिणीतून बघत म्हणाला. "खालून आत शिर, पोरा. उचलू नकोस, मागे ढकल. मागे ढकल रे!"

मधे दरी होती. ब्रँट विहिरीसारखा खड्डा खणत होता. प्रत्येक फावडं छातीपर्यंत उचलून बाहेर टाकत होता आणि निम्मं परत आत येत होतं. मी चाळीस वर्षं बर्फ उपसला आहे. दहा मिनिटांत माणसाचे हात बोलू लागतात. त्याचे अकराव्या मिनिटाला मंदावले. तरी तो थांबला नाही. त्याला चौतीस मिनिटं लागली.

खाली उतरून आम्ही तिथे पोचेपर्यंत तास उलटला होता. ब्रँटने तिला आपल्या कोटात गुंडाळलं होतं आणि तिच्या पायातले बूट काढायचा प्रयत्न करत होता. "पाय गार पडलेत हिचे," तो म्हणाला. ऑर्व्हलने त्याचे हात धरले.

ऑर्व्हलने त्यानंतर खड्डा खणला नाही. हॉर्नबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नाही. मीही तो विषय काढला नाही. तो विचारतो ते वेगळंच, आणि आठवड्यातून एकदा तरी विचारतो.

"खडकांचं मी तिला नंतर सांगितलं होतं ना रे? इथे ते चालत नाही म्हणून?"

"सांगितलं होतंस," मी म्हणतो.

"तू कुठे होतास तेव्हा?"

मी तिथे नव्हतोच. तो माझ्याकडे बघत राहतो आणि मी रस्त्याकडे.