आत्याने धरलेलं दार

आमच्या आत्याइतका आगाऊ माणूस पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. कारण दोघींना पुरतील एवढ्या गरोदर बाया या भागात नाहीत. मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या की तीर्थयात्रेला जातात. आमची आत्या निवृत्त झाली आणि लोकांच्या डोळ्यांत शिरली. समोर कुठलीही बाई आली की नमस्काराच्या आधी ती तिची खालची पापणी ओढते. आत लाल दिसलं तर बाई सुटली. फिकं दिसलं तर लोहाच्या गोळ्या, गूळ, पालेभाजी आणि वर भाषण. जामसांवलीला हनुमानाच्या रांगेत तिने इतक्या पापण्या ओढल्या की ही देवस्थानाचीच रीत समजून मागच्या बाया आपणहून डोळे पुढे करू लागल्या. एका लग्नात तर स्टेजवर चढून तिने नवरीला तपासलं आणि माईकसमोरच निकाल दिला, "सोनं बहुत घातलं हिले, अंगात रक्त काही नाही." गोळीवर संत्रं खाल्लं की गोळी चांगली लागू पडते म्हणून हंगामात माझ्या बागेतली संत्री परस्पर वाटली जातात. माझी परवानगी घ्यायचं तिला अजून सुचायचं आहे.

सावरगावची रेखा माझ्या बागेत मजुरीला यायची. तिला सातवा संपत आला होता. आत्याने तिची पापणी ओढली आणि भाषण न देता तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेली. तेव्हाच मला भीती वाटली. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाआधी रक्त चढवलं नाही तर जीवाला धोका आहे, आणि बदल्यात घरच्या कोणीतरी रक्त द्यावं. आत्याचं वय झालेलं, मी इन्सुलिनवर. आमचं कोणी घेईना. राहिला रेखाचा नवरा. हा गोटमारीतला नावाजलेला गडी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत उभा राहून पलीकडच्या गावाचे दगड खातो आणि कपाळावरच्या खुणा वर्षभर पाहुण्यांना दाखवतो. सुईचं नाव काढताच या वीराला अंगात कणकण वाटू लागली. "अशक्तपणा येते म्हणते बाई," तो म्हणाला. "पोळा होऊ द्या, मग पाहू." त्याची आई म्हणाली, "पहिलं बाळंतपण घरीच होते आमच्यात. दवाखान्यात काहून न्याचं?"

आत्या त्यांच्या दारातच बसली. चहा आला, घेतला नाही. पाणी आलं, तेही नाही. दारात म्हातारी बाई उपाशी, आणि तीही पोराची शाळेतली बाई! सासूचा जीव खालीवर होऊ लागला. "असं नका करू बाई, पाप लागते आमाले." गल्ली जमली. आत्याने आपल्या जुन्या विद्यार्थ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "दरसाल नदीत फुकट सांडते, तवा नाही येत अशक्तपणा? बायकोले द्याले भेऊन राहिला काय?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दुपार कलल्यावर गड्याने सदरा घातला. दवाखान्यात सुई टोचायच्या आधीच तो आडवा झाला, शुद्धीवर आला आणि मग निमूट हात पुढे केला. ही हकीकत तो पाहुण्यांना सांगत नाही.

रक्त चढलं, आणि पुढे रेखाला दवाखान्यातच मुलगी झाली. जरा नाजूक, पण आवाज खणखणीत. मी भेटायला गेलो तेव्हा वाटलं होतं, आत्याचं भाषण दारापासूनच ऐकू येईल. पण रेखा झोपली होती आणि आत्या बाळाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली होती. आत्याचं पहिलं आणि शेवटचं बाळंतपण सासरी, घरीच झालं होतं आणि ती रिकाम्या हातांनी माहेरी आली होती, एवढं मला आईकडून कळलं होतं. तिने स्वतः त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता.

"माह्या वेळी कोणी दारात बसलं नाही रे," ती बाळाकडे बघतच म्हणाली.

तेवढ्यात बाळ भुकेने रडायला लागलं, रेखा जागी झाली. आत्याने बाळ अलगद तिच्या कुशीत दिलं, आणि मग कितीतरी वेळ आपल्या हातांचं काय करावं ते तिला सुचेना.